इट्टूपची पंचवीसची बोली

तिसरा वृद्धाश्रम बघायला निघालो तेव्हा मी त्याचा निकाल आधीच लावून ठेवला होता. नापास.

पहिला मी कंजीवरनं नापास केला. पेजेत चमचा उभा राहत होता, म्हातारी माणसं ती गिळणार कशी? दुसरा चकचकीत होता, पण तिथला रखवालदार आत जाणाऱ्याला सलाम ठोकायचा अन् बाहेर निघणाऱ्या म्हाताऱ्याला काठी आडवी लावायचा. बेट्सी चिडली. म्हणाली, "चांडीचायन, शनिवारी माझं विमान आहे. तुम्ही असेच नाक मुरडत बसलात तर अप्पाला मी बॅगेत घालून कॅनडाला नेऊ का?"

बेट्सी म्हणजे माझ्या इट्टूपची पोरगी. इट्टूप अन् मी एकाच कंपनीच्या बसवर, तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. बस सुटली, पत्ते सुटले नाहीत. अठ्ठावीसच्या डावात आम्ही कायम समोरासमोर, भिडू. बायको गेल्यापासून गडी एकटा राहतो, साखरेचं दुखणं, इन्सुलिन टोचावं लागतं. पावसाळ्याआधी न्हाणीत पडला तर दूधवाला येईपर्यंत तसाच फरशीवर. त्याला एकट्यानं ठेवायचं नाही हे मलाही कळत होतं हो. पण तो गेला तर माझ्यासमोर बसणार कोण? अन् त्यात त्या शहाण्यानं सगळं माझ्याच गळ्यात टाकलेलं. "चांडी हो म्हणेल तिथं राहीन," बस्स. एवढं बोलून मोकळा.

तर तिसरा. पाला गावाच्या पुढं, रबराच्या झाडांच्या टेकडीवर. वाटेत पेट्रोल पंपावर मी हवा भरणाऱ्याशी हुज्जत घालत होतो, जीपचं मागचं चाक मऊ लागत होतं. मग वर चढलो.

दारात एक नर्स आली, शैलजा. कानाला कपड्याचा चिमटा लावलेला. मी बघतच राहिलो. आमच्याकडं पत्त्यात हरला की कानात कुणुक लटकवतात, फणसाचं पान, चिंधी, हाताला येईल ते. पुन्हा जिंकेपर्यंत काढायचं नाही. म्हणजे ही बया ड्युटीवर पत्ते खेळत होती, वर हरलीही होती.

"जेवायच्या आधीचं इन्सुलिन घेतलंय का अप्पच्चननी?" तिनं इट्टूपकडं बघत पहिलं हेच विचारलं; म्हाताऱ्या माणसांना आमच्याकडं अप्पच्चन म्हणतात.

"नाही," मीच सांगून टाकलं. "घरी जाऊन घेईल. आम्ही बघायला आलोय, राहायला नाही."

बेट्सी तोवर आश्रमाच्या मोठ्या बाईंबरोबर वरच्या मजल्यावर न्हाणीघरं बघायला गेली होती. इट्टूपचे डोळे व्हरांड्यातल्या टेबलावर. तिथं पैली नावाचा एक म्हातारा एकटाच बसला होता, त्याच्याही कानाला चिमटा. हात असे थरथरत होते की पत्त्यावर माशी बसायची नाही. पण त्याच्यापुढं लाकडाची एक पट्टी, तिला खाच पाडलेली, अन् खाचेत पत्ते उभे करायची सोय. मी पट्टी उचलून बघितली. कड घासून गुळगुळीत केली होती. बरं काम होतं. पण बोललो नाही, नापास करायला आलो होतो ना.

"ज्यांनी हरवलं ते दोघं जाऊन झोपलेत," पैली म्हणाला. "सकाळपासनं हे कानात घेऊन बसलोय. खेळता का? का नुसते बघायला आलात, नवरी बघायला आल्यासारखे?"

"आम्ही बसलो तर दुसराही कान द्यावा लागेल," मी म्हणालो.

"दुसऱ्यानं तसंही ऐकू येत नाही. घेऊन जा."

बसलो. मी अन् इट्टूप, पैली अन् शैलजा. पोरगी बरी खेळायची, पत्ता टाकताना तोंडावर काही दिसू द्यायची नाही. आम्ही पहिला डाव मारला, दुसरा त्यांनी. पुढचा डाव निर्णयाचा ठरला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मच्छीच्या कालवणाचा वास सुटला.

"आधी जेवण," शैलजा पत्ते गोळा करायला लागली.

"घाबरली," मी पैलीला म्हणालो.

"चांडी, एवढा खेळू," इट्टूप म्हणाला. "मला काही भूक नाही."

तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं, मग पिसले. चार-चार पत्ते आले. माझ्याकडं इस्पिकचा गुलाम अन् नव्वी; या डावात हेच मोठे, गुलामाला तीन गुण, नव्वीला दोन. अठ्ठाविसातले किती गुण उचलणार त्याची बोली चौदापासनं सुरू झाली, पैली सोळा बोलला, मी सतरा. अन् इट्टूप म्हणाला, "पंचवीस."

आता तुम्हाला इट्टूप माहीत नाही. तो सुट्टे पैसे परत देताना जेवढा चिकट, तेवढाच बोलीला. हातात गुलाम दिसल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. त्यानं पंचवीस म्हणावं? माझ्या अंगावर काटा आला. म्हणलं, दोन गुलाम तर असणारच, नव्व्याही असतील, माझा इस्पिकचा जोड धरला तर आज यांना धुऊन वाळत घालतो. त्यानं हुकमाचा पत्ता पालथा ठेवला. बाकीचे चार-चार वाटले.

पैलीनं पट्टीतनं बदामाचा गुलाम काढून टाकला. मी हलकं टाकलं, शैलजानंही हलकं. इट्टूपनं त्यावर बदामाची नव्वी टाकली. दोन गुण असे उचलून त्यांच्या पदरात. म्हणलं, असेल, दुसरं बदाम नसेल त्याच्याकडं. पुढच्या हाताला पैलीनं पुन्हा बदाम टाकलं, एक्का. इट्टूपनं टाकली बदामाची सत्ती.

म्हणजे सत्ती होती. सत्ती असताना यानं नव्वी दिली. मी मनात म्हणलं, वा रे माझ्या गड्या, काहीतरी मोठा कावा आहे. यांना भरीला घालतोय, मग एकदम हुकूम काढून सगळं ओरपणार. उकाडा मरणाचा, त्याचा सदरा पाठीला चिकटलेला, पण मजेत हसत होता. मीही हसलो. पंचवीस बोलून गुण वाटत सुटणारा माणूस बघितलाय का कधी? मला तर असा आनंद झाला होता की खुर्चीत बसवेना.

शैलजानं पुढचा पत्ता टाकलाच नाही. वाकून म्हणाली, "अप्पच्चा, हुकूम कुठला लावलाय?"

मी टेबलावर मूठ आपटली. "ए पोरी. हुकूम पालथा आहे. असा विचारतात का? ह्याला फसवणूक म्हणतात. हरायला लागली तर सरळ..."

"अप्पच्चा, सांगा ना. हुकूम कुठला?"

इट्टूप तिच्याकडं बघून गोड हसला. म्हणाला, "लावलाय का?"

तिनं त्याच्या मानेवर मागं हात ठेवला, काढला, तो ओला. दुसऱ्या हातानं त्याचे पत्ते उलटे करून टेबलावर ठेवले. पैलीनं तोवर गुडघ्यानं टेबलाच्या पायाला लावलेलं बटण दाबलं, आत घंटी वाजली. त्याला हातानं दाबता येत नाही म्हणून ते खाली लावलेलं, हे मला मागनं कळलं. त्या वेळी मी एवढंच बघत होतो, टेबलावरचे पत्ते.

एक गुलाम नाही. टाकली ती सोडून एक नव्वी नाही. चौकटची राणी, तीही एकटी, बाकी सगळी रद्दी. हुकमाचा पत्ता मी सुलटा केला, किलवरची अठ्ठी. असल्या पत्त्यांवर इट्टूप चौदाही बोलला नसता. शुद्धीत असता तर.

"इट्टूप," मी म्हणालो. त्यानं वर बघितलं, पण मला बघितलं नाही.

शैलजानं खिशातनं साखरेची पुडी काढली, पैलीच्या काळ्या चहात रिकामी केली, अन् कप त्याच्या ओठाला लावला. "घोट घ्या. आणखी एक. गिळलं का? शाबास." तोवर आतली दुसरी नर्स यंत्र घेऊन आलीच होती. बोट टोचलं. आकडा बघून शैलजा म्हणाली, "साखर पार उतरलीय. इन्सुलिन घेतलेलंय ह्यांनी."

"नाही घेतलं," मी म्हणालो.

"पंपावर दिलं मी," जिन्यातनं बेट्सीचा आवाज आला. ती धावत उतरत होती. "तुम्ही हवेवरनं भांडत होतात. म्हणलं, पोचल्यावर लगेच जेवायचंय."

म्हणजे दारात मी शैलजाला खोटंच सांगितलं होतं.

पुन्हा टोचलं, आकडा चढला. मग भात आला, कालवण आलं, पापड आला. शैलजा त्याच्या शेजारी बसून राहिली, घाई नाही, बडबड नाही. अर्धा भात गेल्यावर इट्टूपच्या डोळ्यांत इट्टूप परत आला. टेबलाकडं बघून तो म्हणाला, "डाव कोणी मोडला?"

"हिनं," मी म्हणालो.

"माझी बोली होती?"

"पंचवीस."

त्यानं आपले पत्ते एकेक उचलून बघितले. "ह्याच्यावर?" मग माझ्याकडं वळला. "अन् तू गप्प बसलास?"

"मला वाटलं कावा आहे."

पैली असा हसला की त्याची पट्टी खाली पडली. मग डोळे पुसून म्हणाला, "ते सगळं राहू दे. बोली पुरी झाली नाही. नियम म्हणजे नियम." त्यानं मान तिरकी केली, शैलजानं त्याच्या कानाचा चिमटा काढला, मग स्वतःचा. एक इट्टूपच्या कानाला, एक माझ्या. माझ्या कानाला लावताना जरा जोरात दाबला तिनं. हक्क होता तिचा.

बेट्सी माझ्यापुढं उभी राहिली. "बोला. न्हाणीत धरायला दांडे आहेत, गाद्या कोरड्या आहेत, वास नाही. आता इथं काय वाईट आहे ते तुम्ही सांगा."

इट्टूप जेवायचा थांबला. पैलीही माझ्याकडं बघत होता.

"कालवणात चिंच कमी आहे," मी म्हणालो.

"अन्?"

"अन् काय? ठेव इथं."

इट्टूपनं मान खाली घालून भाताचा गोळा केला, तोंडात टाकला. चावता चावता म्हणाला, "पण चांडी, हे कुणुक जिंकेपर्यंत काढायचं नाही. अन् एकट्याला जिंकता येत नाही. भिडू तोच लागतो."

"माहीत आहे मला."

"म्हणजे तुला यावं लागणार."

"अरे, माहीत आहे म्हणलं ना."

"गुरुवारी," पैली म्हणाला. "जेवण झाल्यावर. जेवायच्या आधी मी तुमच्याशी खेळत नाही."

उतारावर पेट्रोल पंपावर पुन्हा थांबलो. हवा भरणारा सकाळचाच. माझ्या कानाकडं बघून म्हणाला, "अच्चायन, हरलात?"

"चाक बघ," मी म्हणालो. "गुरुवारी परत वर चढायचंय."