ओठ मिटेपर्यंत

बाईंनी पर्समधून कागदाची एक पट्टी काढली, दोन बोटांत धरून तोंडापुढे आणली आणि म्हणाल्या, "पाय."

पट्टी हलली नाही.

"पाय," त्यांनी पुन्हा जोर लावला. पट्टीचं टोक जरासं थरथरलं, तेवढंच.

दातांचे डॉक्टर मास्क हनुवटीखाली ओढून शेजारच्या स्टुलावर बसले होते. वयानं तरुण, हाताला हलके, बोलायला गोड. 'अजिबात दुखत नाही हो' असं सांगत लोक एकमेकांना त्यांचा पत्ता देत. पण पेशंट खुर्चीत बसून कागद उडवून दाखवतोय, हा प्रकार त्यांच्याही पाहण्यात नव्हता.

"आता तुम्ही म्हणा," बाईंनी पट्टी त्यांच्यापुढे धरली.

"मी?"

"पाय म्हणा."

दारात कुणी नाही ना, हे डॉक्टरांनी एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "पाय." पट्टी फडकन उडाली.

"बघा. प म्हणताना ओठ मिटावे लागतात. माझे मिटत नाहीत. तुमचे दात आड येतात."

"माझे कसले, आता तुमचेच ते," डॉक्टर हसत म्हणाले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनीही हसू आवरतं घेतलं.

बाई ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत धाकट्या वर्गाला शिकवत. ती मुलं शब्द ऐकत नाहीत, बाईंच्या ओठांवरून वाचतात. त्यामुळे वर्गात बाईंनी तोंडाआड कधी काही येऊ दिलं नाही, पुस्तक नाही की खडूचा हात नाही. वर्गाबाहेर मात्र अगदी उलटा कारभार. त्यांचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढून बसलेला होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी जन्मभर काय काय केलं. फोटोत ओठ गच्च मिटायचे, हसू आलं की रुमाल वर जायचा. नवरा म्हणायचा, "तुझं हसणं बघायचं तर तुझ्या वर्गात नाव घालावं लागेल मला."

एवढी वर्षं निभावलं, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बाईंच्या शिकवण्याची फिल्म काढावी. नव्या शिक्षकांना दाखवायला बरी. फिल्म निघाली. मोठ्या हॉलमध्ये, भिंतभर पडद्यावर, नुसतं बाईंचं तोंड. प, फ, ब, भ, म. तो दात पडद्यावर खिडकीएवढा दिसत होता. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "अगं, तो दात बघ." मग दोघी फिसकन हसल्या. बाई शेवटपर्यंत बसून राहिल्या, दिवे लागल्यावर टाळ्याही त्यांनी घेतल्या, आणि घरी न जाता थेट या दवाखान्याची पायरी चढल्या.

काम झालं ते देखणं झालं, यात वाद नव्हता. तो आडदांड दात गेला आणि समोरच्या सगळ्या दातांवर पांढऱ्याशुभ्र कॅपा आल्या, एकसारख्या, एका ओळीत. शेजारणीनं कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. नवरा म्हणाला, "नवं वॉशबेसिन बसवल्यासारखं लखलखतंय," आणि बायकोचा चेहरा बघून पुढचं गिळून टाकलं.

घोटाळा कळला तो वर्गात. बाई आवाज न काढता, नुसत्या ओठांनी शब्द सांगायच्या आणि मुलांनी ते पाटीवर लिहायचे, असा त्यांचा रोजचा पाठ. त्या दिवशी बाईंनी 'पाय' सांगितला, मुलांनी 'वाय' लिहिलं. 'मान' सांगितली, 'वान' आलं. सगळ्यांच्या पाट्यांवर तेच. एकमेकांचं बघून लिहिता म्हणून बाई रागावल्या, मुलांना लांब लांब बसवून पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा तेच. मधल्या सुट्टीत त्या हात धुवायच्या खोलीत आरशापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मान." वरचे लांब दात पुढे आले होते, खालचा ओठ त्यांनाच जाऊन टेकत होता. प म्हणा, ब म्हणा, म म्हणा, ओठांवर सगळ्यांचा व होत होता. मुलं बरोबरच लिहीत होती. चुकत होत्या त्या बाई.

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, "तोंड सरावेपर्यंत तुम्ही ऑफिसात बसा. वर्ग नव्या बाई बघतील."

मग एके दिवशी त्याच म्हणाल्या, "खरं सांगू का, मुलं रमलीत हो त्यांच्याकडे. काहीही विचारा, सगळी कशी छान माना हलवतात. या महिन्याअखेरीस वर्ग कायमचा त्यांनाच द्यायचं ठरवून टाकते. तुम्हाला ऑफिसचं काम जमतंय की."

मुलं माना हलवतात हे ऐकलं आणि बाईंना खरा प्रकार कळला. ज्याला ऐकू येत नाही ते मूल समजलं की विचारतं, आणि काहीच समजलं नाही की मान हलवतं. 'हो' म्हटलं की मोठी माणसं खूश होतात आणि आपला पिच्छा सोडतात, हे त्याला फार लवकर कळलेलं असतं. ही खोड मोडायला बाईंना दरवर्षी अर्धं वर्ष लागायचं. आता ती बसून पक्की होत होती, आणि बाई पलीकडच्या खोलीत पाकिटांवर पत्ते लिहीत होत्या.

"सवय होईल, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला सगळ्यांनाच वेगळं वाटतं."

"मला होईल हो. मुलांनी कशाची सवय करायची? ओठ मिटलेच नाहीत तर त्यांनी वाचायचं काय?"

डॉक्टरांनी त्यांना आरसा दिला. "तुम्ही एकदा नीट बघा तरी. हा आकार, ही ओळ. अशी ओळ रोज जमत नाही."

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. खरंच सुंदर होती. "घासून आखूड करा."

डॉक्टरांनी हातातला चिमटा ताटलीत सरळ रेषेत ठेवला. "किती?"

"ते मला आरशात नाही कळायचं. मी काय बोलणार ते मला आधीच ठाऊक असतं. उद्या सांगणारी घेऊन येते."

सांगणारी म्हणजे टाचणी. वर्गातली सगळ्यात काटकुळी आणि सगळ्यात तल्लख पोर, म्हणून तिला सगळी शाळा टाचणी म्हणायची. तिची आई बाहेरच्या बाकावर बसली आणि टाचणीला खुर्चीसमोर स्टुलावर बसवलं. आत आल्या आल्या तिनं सगळी हत्यारं बघून घेतली, पाणी उडवणाऱ्या नळीला बोट लावून पाहिलं आणि डॉक्टरांनी नको म्हणायच्या आत हात मागे घेतला.

बाईंनी तिला हातांनी समजावलं. मी बोलीन, तू वाचायचंस. हे काका दात घासतील. मग परत.

पहिल्यांदा डॉक्टरांनी अगदी जपून हात चालवला. पाण्याचा फवारा उडाला, यंत्राची सूं झाली, बाईंच्या जिभेवर चुना चाखल्यासारखी चव आली. चूळ भरून त्यांनी टाचणीकडे तोंड केलं आणि आवाज न काढता म्हणाल्या, पाय.

"पाय," टाचणी म्हणाली. तिचा आवाज जाडसर होता, पण शब्द कळत होता.

मान.

"मान."

बाबा. मामा. पान. टाचणी धडाधड सांगत गेली. डॉक्टरांचा चेहरा खुलला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? एवढंसंच अडत होतं. आकाराला धक्कासुद्धा लागला नाही."

बाईंनाही हायसं वाटलं. आरसा घेऊन त्यांनी दात पाहिले. ओळ होती तशीच होती. वर्गही मिळाला आणि हेही राहिलं, आणखी काय हवं? त्या उठायला निघाल्या, आणि तेवढ्यात एक गोष्ट त्यांना खटकली. 'पान' हा शब्द टाचणीनं त्यांचं तोंड उघडायच्या आतच सांगितला होता.

त्या पुन्हा टेकून बसल्या. वर्गात पान झालं की नेहमी 'माप' यायचं. बाई म्हणाल्या, पाव.

"माप," टाचणी म्हणाली आणि शहाण्यासारखी मान हलवली.

"अरे देवा," बाई पुटपुटल्या. पोरीनं अख्खी शब्दांची रांग पाठ केलेली होती.

त्यांनी हातांनीच विचारलं, का गं, खोटं का सांगितलंस? टाचणी आधी चपलेकडे बघत बसली. मग तिची बोटं भराभर चालली. नव्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. पाठ दिसते. तुम्ही पास झालात की परत याल ना.

"काय म्हणतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला पास करत होती," बाई म्हणाल्या. "आणखी घासा."

डॉक्टरांनी घासलं. टाचणीला सक्त ताकीद मिळाली होती, कळलं नाही तर नाही म्हणायचं, मान हलवायची नाही. तरी तिची मान आपोआप हलायची आणि बाई बोट वर करायच्या. शब्द बदलले, उलटसुलट केले. 'माप' जमलं, 'भाऊ' अडला. आणखी थोडं घासलं. 'भाऊ' जमला, 'पिवळा' अडला. एकदा मधेच थांबून डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता कडांची झिलई जाते. दात बुटके दिसायला लागलेत. हे माझं काम म्हणून कुणाला दाखवू नका म्हणजे झालं."

"नाही दाखवणार," बाई म्हणाल्या.

यंत्र पुन्हा सुरू झालं. बाईंनी डोळे मिटून घेतले. हा दिवा, हा फवारा, हे सगळं आपण हौसेनं ओढवून घेतलं, असं त्यांच्या मनात आलं. तो वाकडा दात होता तोवर मुलं सुरळीत वाचत होती. दोन बायका हसल्या म्हणून आपण तो घालवला. कोण होत्या त्या, नावसुद्धा ठाऊक नाही. होतो तशाच बऱ्या होतो आपण, उगाच गेलो दिसायच्या मागे. स्वतःचा इतका राग त्यांना आजवर कधी आला नव्हता.

यंत्र थांबलं. डॉक्टरांनी हातमोज्याच्या पाठीनं कपाळ पुसलं. "विचारा तिला."

बाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि ओठ मिटून पाहिले. एकमेकांवर टेकल्यासारखे वाटत होते. पण वाटण्यावर त्यांचा आता विश्वास नव्हता. सगळे शब्द वापरून झाले होते, टाचणीला सगळे पाठ होते. कधीच न वापरलेलं काहीतरी विचारायला हवं होतं आणि ऐनवेळी काही सुचेना. पोरगी टक लावून बसली होती. बाईंच्या मनात जे घोळत होतं तेच ओठांवर आलं.

मी पूर्वी बरी दिसायचे का?

टाचणीची मान हलली नाही. ती स्टुलावर पुढे सरकली. तिच्या कपाळाला आठी पडली, नजर बाईंच्या तोंडावरून वर डोळ्यांपर्यंत गेली आणि परत खाली आली. एवढा वेळ तिनं आज एकाही शब्दाला घेतला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

आणि आपला वरचा ओठ बोटानं वर उचलून, दातावर दुसरं बोट तिरकं चढवून, नाक मुरडून तिनं तो जुना दात अगदी हुबेहूब करून दाखवला.

बाईंना लागलं. क्षणभर चांगलंच लागलं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की या पोरीनं आज पहिल्यांदा त्यांना खूश केलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच.

"अजून नाहीच?" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, आता याहून घासलं तर खालचा खरा दात लागेल हो."

"ठेवा ते खाली," बाई म्हणाल्या. "झालं काम. वाचलं तिनं."

"पण ती तर नाही म्हणाली."

"नाहीच म्हणाली," बाई म्हणाल्या, आणि शेवटची चूळ भरायला वाकल्या.