पूजेच्या आधी काढलेला शिरा

आमच्या घरच्यायची जीभ म्हणजे कासरा तुटलेला बैल. कोणाच्या वावरात शिरन, सांगता येत नाई. एरवी मी हसून सोडून देते. पण काल त्यायनं भर मांडवात जे केलं, त्याच्यापायी मले अजून तोंड वर करवत नाई.

आमी हिवरखेडचे महानुभाव. आमच्या परमेश्वराले सोडून दुसऱ्या कोण्या देवाले हात जोडत नाई, त्याचा प्रसाद खात नाई. लोकायनं याच्यावरून कमी चिडवलं नाई. "गणपतीचा लाडू खाल्ला तं पोट फुटते का वो रुख्मिणीबाई?" हे आयकता आयकता माहे केस पांढरे झाले.

फादर आग्नेल मूळचे गोव्याचे, जेझुइट संघाचे पाद्री. रायतात अमरावतीले, आन् अभ्यास करतात आपल्याकडच्या धर्मायचा. आमच्या घरची जुनी पोथी गुप्त लिपीत हाये. ती आमाले वाचता येत नाई, त्यायले येते. दर हिवाळ्यात येतात, ओसरीवर बसून वाचून दाखवतात, माह्या हातची झुणका-भाकर खातात. आल्याबरोबर आमच्यासारखंच "दंडवत प्रणाम" म्हणतात. माही सासू शेवटी अंथरुणाले खिळली, तवा तिले पोथी त्यायनंच आयकवली. घरचंच माणूस म्हणा ना.

काल गावात त्यायचा सत्कार होता. शाल झाली, नारळ झालं. मंग आमचे हे, सूर्यभानराव, उठले, माईक धरला आन् म्हणतात कसे, "फादर आता आमचे झाले! आज ते महंतबाबाकून उपदेश घेतीन!"

उपदेश म्हणजे आमच्या पंथाची दीक्षा. फादरले इचारलं होतं? नाई. मले सांगतलं होतं? नाई. महंतबाबासुद्धा चपापले. लोकायनं मात्र टाळ्या पिटल्या.

फादर काठी टेकत उठले. कान लालभडक झाले होते.

"मला माफ करा," ते म्हणाले. "मी येशूचा आहे. एकाचं झाल्यावर दुसरीकडे वळायचं नाही, हे तर मी तुमच्याच घरी पाहिलं, सूर्यभानजी."

मांगून कोणीतरी बोललं, "मंग एवढे दिवस आमचं काहून खाऊन रायला हा?"

फादरनं ते आयकलं. मीही आयकलं. हे माईक धरून उभे, तोंडातून एक शब्द नाई! बाई गं, जमीन फाटली असती तं गेली असती मी आत.

फादर पंगतीले थांबले नाई. मी पाण्याचा गिलास घेऊन गाडीपर्यंत धावली. पाणी पेले आन् म्हणाले, "रुख्मिणीताई, पोथीची शेवटची पानं राहिली." पुन्हा येतो, असं काई म्हणाले नाई. दरवर्षी म्हणतात.

आज सकाळी शेजारची वर्षाली आली. तिच्याकडे सत्यनारायण. हातात झाकलेली वाटी पाहून माह्या तोंडात सवयीनं "आमच्यात चालत नाई" आलं, पण ते बाहेर निघेना. तीच म्हणाली, "घ्या वो काकू. पूजेच्या आधीच काढला. देवाले दाखवला नाई."

दरवर्षी अशीच आठवणीनं काढून ठेवते पोरगी. मी तो शिरा आजवर मिटक्या मारत खाल्ला, पण तिले हे ध्यानात ठेवायची काय पडली हाये, असं माह्या मनात कधी आलं नाई.

वाटी नेऊन ह्यायच्या पुढ्यात आपटली.

"काय हाये?"

"शिरा. वर्षालीनं पूजेच्या आधी काढलेला."

त्यायनं चमचा उचलला, पुन्हा वाटीत ठेवला. मंग म्हणाले, "फोन लाव फादरले."

"तुमीच लावा. जीभ तुमची होती."

लावला. पलीकडून आवाज आला, नेहमीसारखाच, "दंडवत प्रणाम, सूर्यभानजी."

माईक हातातून न सोडणारा माहा माणूस, पण त्याले उलटून दंडवत म्हणता आलं नाई.