माशी हवी, तीही जिवंत

मावशीच्या ऑर्किडला नऊ वर्षांनी फुलं आली, आणि त्याच सकाळी काका घरात मेलेला उंदीर शोधायला लागले.

काकांचा धंदा पेस्ट कंट्रोलचा, त्यामुळे हा थेट अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी फ्रिज सरकवला, सिंकखालचा पाइप उघडला, माझे बूट हुंगले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"अहो, उंदीर नाही, माझं फूल आहे ते," मावशी म्हणाली.

बल्बोफायलम जातीचं हे ऑर्किड जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतं. फूल लालभडक, केसाळ, आणि वास सडक्या मटणाचा. माशी अंडी घालायला येते, फुलाच्या जिभेवर बसते, जीभ बिजागरीसारखी उलटते आणि माशी आत आपटते. पाठीला पराग चिकटतात. मग ती शेजारच्या फुलावर जाऊन अगदी तश्शीच फसते. तिच्या या स्वभावावर त्या ऑर्किडचं अख्खं खानदान चालतं.

मावशीला बी हवं होतं. फुलं जेमतेम दोन दिवस टिकतात. चारांपैकी दोन तिनं टूथपिकने पराग लावताना मोडली होती. उरली दोन, वेळ उद्या संध्याकाळपर्यंत.

"आता माशीच हवी."

घरात वीस वर्षांत माशी नव्हती. काकांच्या कार्डावर तसं छापलंय.

"मी? माझ्या घरात? माशी आणू?"

"लोकांच्या एवढ्या मारल्यात, माझ्यासाठी एक आणा की!"

काका बरणी घेऊन मासळीवाल्याकडे गेले आणि तीन माश्या घेऊन आले. पहिली सोडली. काकांनी टाळी वाजवली.

"सॉरी. सवय."

दुसरीचंही तेच झालं.

"यांचे हात धर रे," मावशीनं मला फर्मावलं.

तिसरी फुलावर बसली. जीभ उलटली. माशी आत गेली, पाठीवर पिवळे ठिपके घेऊन बाहेर आली आणि थेट काकांच्या टकलावर उतरली. काकांचे हात माझ्या मुठीतून सुटायला धडपडू लागले.

"अहो, श्वाससुद्धा घेऊ नका!"

माशीनं टकलाची सावकाश पाहणी केली, नापसंत केलं आणि दुसऱ्या फुलावर जाऊन आपटली.

मावशीनं मला मिठी मारली. काकांनी गुपचूप खिडकी उघडून माशीला वाट करून दिली.

महिन्याभरात शेंग धरली. आता गिऱ्हाइकाचा फोन आला की काका आधी विचारतात, "वास कुंडीतून येतोय का बघा. येत असेल तर मी येणार नाही. माश्यांना त्यांचं काम करू द्या."