देवळासमोर ओरडणारी मोटार

बंडप्पांची मोटार आधी चार मोटारींसारखीच होती. मग तिला देव दिसायला लागले आणि सगळा घोळ झाला.

भूमच्या पेठेत बंडप्पांची अडत. निजामी अंमलातल्या त्या तालुक्यात ज्यांच्या दारी मोटार उभी असे, अशा मोजक्या माणसांत ते एक. मोटार जुनीच, सोलापूरहून आणलेली, पण मालकाचा तोरा नव्या मोटारीचा. चालवायला अर्थातच त्यांना येत नव्हती, चालवायचा दस्तगीर. बंडप्पा मागच्या गादीवर बसत आणि वाटेतल्या एकाही देवाला उपाशी ठेवत नसत. मारुती दिसो, खंडोबा दिसो, पिराचा दर्गा दिसो, हात जोडून, डोळे मिटून चांगलं लांबलचक पुटपुटत. मोटार मात्र थांबवू देत नसत, कारण थांबली की माणसं गोळा होत आणि जो तो तिला हात लावून बघे. दस्तगीर तेवढ्यापुरती ती मुंगीच्या पावलानं नेई.

जर्मनची मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मोटार ओरडायला लागली. रस्त्यानं गुमान जायची. देऊळ आलं, बंडप्पांनी हात जोडले, की पोटातून अशी कर्रर्र किंचाळायची की दात शिवशिवावेत. त्यांनी डोळे उघडले की गप्प. गिअर बदलताना कधी जरासं कुरकुरे, पण एवढ्या खडखडाटात त्याकडं कोण लक्ष देतो?

बंडप्पांना काही समजेना. त्यांनी वेशीतल्या मारुतीला नारळ फोडला, मोटार ओरडली. पुढच्या पत्र्यावर भस्माचे पट्टे ओढले; ओरडली. दर्ग्यासमोरही ओरडली तेव्हा मात्र त्यांचं डोकं चालेनासं झालं. एक देव रागावला तर त्याची समजूत काढता येते. सगळेच रागावले तर माणसानं कुणाच्या पाया पडावं?

सोनारीला काळभैरवाच्या जत्रेत तर अब्रूच गेली. देवळासमोर मोटारीनं असा गळा काढला की दर्शनाची रांग मोडून लोक बघायला आले. त्यांत हिंमतरावही होते, पेठेतले बंडप्पांचे शेजारी दुकानदार. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी भर गर्दीत विषय काढला.

"बंडप्पा, मोटार काय देवाची वैरी न्हाय. चालवनारा कोन हाय, त्ये बघा की."

दस्तगीर तिथंच मोटारीची काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

हे बोलणं काही वर्षांपूर्वी निघालं असतं तर बंडप्पांनी हिंमतरावांना उभं-आडवं घेतलं असतं. पण हवा बदलली होती. शेजारी शेजाऱ्याचं नाव आधी तपासायला लागला होता. दहा माना डोलल्या की शहाण्याचीही हलते, आणि बंडप्पा मुळात घाबरलेले होते.

"दस्तगीर," ते त्याच्याकडं न बघता म्हणाले, "उद्या मोटार बार्शीला मिस्त्रीकडं न्यायची. येवढी एक खेप कर. मग तू मोकळा. दुसरा मानूस बघतो मी."

"जी," दस्तगीर म्हणाला.

मिस्त्रीची कल्पना बंडप्पांच्या बायकोची. "देवाचं देवाला केलंत, आता लोखंडाचं मिस्त्रीला दावा," इरम्मानं सुनावलं होतं. दस्तगीरला काढल्याचं कळलं त्या रात्री मात्र ती ताट वाढून आत निघून गेली.

निजामाची हद्द संपते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. पुढं बैलगाड्यांची रांग. मोटार इंच इंच सरकत होती, आणि अचानक ती किंचाळली.

बंडप्पांनी सवयीनं हात जोडले आणि देऊळ शोधायला लागले. एक चौकी, एक रांजण, खुंटाला बांधलेली शेळी.

"इथं कोनता देव हाय रं?"

"कोनताच न्हाय, मालक."

"मग ही का वरडती?"

"मला बी कळंना. आल्ला शपथ, मला कवाच कळलं न्हाय."

गाड्या हलल्या, आवाज थांबला. गाड्या थांबल्या, आवाज सुरू. बंडप्पा पुढं वाकले आणि त्यांनी पहिल्यांदाच देव सोडून दस्तगीरच्या डाव्या पायाकडं बघितलं. "उचल पाय. आता दाब. उचल." पाय दाबला की किंकाळी, उचलला की शांतता. नाक्यावरचा शिपाई हा खेळ तोंड उघडं टाकून बघत राहिला. बंडप्पा आणखीच गोंधळले. पायानं मोटार ओरडते हे खरं, पण पायाला देवळं कशी कळतात?

बार्शीच्या रामकिसन मिस्त्रीनं गिअरबॉक्स खाली उतरवली आणि आतून एक कडं काढून बोटावर फिरवलं. त्यात वाळू भरल्यासारखी खरखर झाली.

"क्लचचं बेरिंग गेलंय. पाय दाबला की ह्याच्यावर जोर येतो. पळभराचं काम असतंय ह्याचं. हे इतकं झिजलंय म्हणजे कुणीतरी क्लच दाबून बसत होतं." त्यानं दस्तगीरकडं बघितलं. "हळू जायचं तर खालचा गिअर टाकावा की. इतका वेळ पाय कशाला ठेवायचा?"

दस्तगीर जमिनीकडं बघत बोलला. "मालक डोळे मिटून देवाचं नाव घेत्यात. गिअर टाकला की हिसका बसतो, नाव मधीच तुटतं. म्हनून त्येंचे हात खाली येईस्तवर मी दाबून धरायचो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता. बंडप्पांना लाज वाटली, इतकी की मिस्त्रीनं नवं बेरिंग बसवून मोटार सुरू केली तेव्हा ते बाहेर जाऊन उभे राहिले.

परतताना मोटार मुकी होती. भूम जवळ आलं तसे बंडप्पा खाकरले. "उद्या सकाळी लौकर ये."

"न्हाय, मालक."

"आरं, बेरिंग बदललं की."

"बेरिंग बदललं. उद्या दुसरं काय तरी वाजंल. तवा बी समदे माझ्याकडंच बघतील, आन तुमी बी. काढलं तवा बाजार ऐकत व्हता. आता बोलवताय तर ऐकाया कोन हाय?"

पेठेत दिवेलागण होत होती, दुकानं उघडी होती. हिंमतरावांच्या दुकानासमोर त्यांनी मोटार थांबवायला लावली, खाली उतरले आणि बोलायला तोंड उघडलं. पण बेरिंग कसं समजवायचं? त्यांनी हातानं कडं करून दाखवलं. लोकांना वाटलं, पोळीबद्दल बोलतायत.

"म्हंजी देव कोपला न्हवता?" हिंमतरावांनी विचारलं.

"न्हाय. मी हात जोडत व्हतो म्हनून मोटार वरडत व्हती."

कुणीतरी हसलं. कुणालाच काही कळलं नाही. बंडप्पांनी मोटारीत बसलेल्या दस्तगीरकडं बोट दाखवलं.

"येवढंच ऐका. माझ्या देवाचं नाव तुटू नये म्हनून हा मानूस पाय दाबून बसायचा. आन तुमच्या बोलन्यावर मी ह्याला काढला. चूक माझी हाय."

हिंमतराव उगाच तागडी पुसत बसले. बंडप्पा मोटारीकडं वळले, पण दार उघडायचा धीर होईना.

दस्तगीरनंच आतून दार उघडलं. "सकाळी येतो. पन आता देवापुढं मोटार उभी ऱ्हाईल. तुमी खाली उतरायचं."

बंडप्पांना जन्मात कुणी असं हुकमानं सांगितलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "उतरतो."