पहिल्या पानाची कड

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. दौंड स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, खालून दुसऱ्या फळीवर माझी जागा आहे. मित्रांनो, माझ्याजवळ चाळीस हजार शब्द आहेत. पण मला सांगायचे आहे ते एका पानाविषयी, आणि ते पान आता माझ्यात नाही.

माझी छपाई पुण्यात झाली, १९९४ साली. निळा कापडी पुठ्ठा, घट्ट शिवण. रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांनी मला आपल्या मुलीसाठी घेतले. ज्ञानेश्वरी तिचे नाव. तिने पहिल्या पानाच्या मधोमध, वेलबुट्टी काढून आपले नाव लिहिले. पुढे त्यांची बदली झाली आणि सामान कमी करताना मी बबनरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांच्या, या दुकानात आलो.

त्या दुकानाचा एक रिवाज होता. जुन्या पुस्तकावरचे नाव खोडायचे नाही. नव्या मालकाने त्याखाली आपले नाव, गाव आणि साल लिहायचे, मगच पुस्तक पिशवीत जाणार. त्यासाठी टेबलाला दोरीने एक पेन बांधलेले असे. एकदा एका गिऱ्हाइकाने नाव नसलेले पुस्तक मागितले. बबनराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोरं पाहिजे तर पुण्याला जावा. डेमू गाडी दोन नंबरला लागलीय." गिऱ्हाईक हसले आणि त्याने निमूटपणे दोरीचे पेन उचलले.

शिरूरच्या गोकुळने मला बरीच वर्षे वापरले. त्याचेही नाव पानाच्या मधोमधच होते. २०१५ साली राहू गावच्या स्वराजने मला घेतले. त्याची आई सोजराबाई शेवंतीची फुले घेऊन दौंडच्या बाजारात येत असे. स्वराज रोज दहा शब्द पाठ करी आणि प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीचा ठिपका देई. शेतात पाण्याची दारे धरायला गेला तरी मी बरोबर असे. माझ्या कडांना लागलेला चिखल त्याच दिवसांतला आहे. त्याने नाव मात्र मधोमध लिहिले नाही. पार डाव्या टोकाला, शिवणीला चिकटून सुरुवात केली. तेव्हा मला त्याचे कारण कळले नव्हते.

चार वर्षांनी त्याला शिक्रापूरला कारखान्यात काम मिळाले. खोलीत पाच जण राहायचे, पुस्तकाला जागा नव्हती. तो मला दुकानात परत देऊन गेला. दुसऱ्या कुणाला तरी लागेल, एवढेच म्हणाला.

२०२१ च्या मार्चमध्ये हायवेवर एका ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. तो जागीच गेला. दुकानात ही बातमी दोन वाक्यांत सांगितली गेली. बबनरावांनी मला फळीवरून काढले, ते नाव बराच वेळ पाहिले आणि मला मागच्या रांगेत ठेवले. त्यानंतर त्यांनी मला कुणालाही दाखवले नाही. पुढच्या वर्षी बबनरावही गेले.

दुकान त्यांच्या मुलाकडे, विश्वजीतकडे आले. गिऱ्हाइके कमी झाली होती. तो पुस्तकांचे फोटो मोबाइलवर टाकून कुरिअरने विकू लागला. लांबची गिऱ्हाइके तक्रार करत, की पुस्तकावर दुसऱ्याची नावे आहेत. विश्वजीत पुस्तकांचा वैरी नव्हता. दुकान टिकावे म्हणूनच त्याने स्टीलची पट्टी आणि ब्लेड घेतले आणि आठवडाभरात तीनशे पुस्तकांची पहिली पाने कापली. कापणी अगदी सरळ होती. पाने रद्दीत गेली.

त्यानंतर अकराव्या दिवशी सोजराबाई आल्या. फुलांची रिकामी पाटी पायरीवर ठेवून त्यांनी विचारले, "आप्पा हायेत का?"

विश्वजीतने वडील गेल्याचे सांगितले. त्या पायरीवरच बसल्या. मग हळूहळू सगळे बोलल्या. बारावी झाल्यावर स्वराजच्या वह्या त्यांनी स्वतःच रद्दीत दिल्या होत्या. मोबाइल अपघातात फुटला. घरात त्याच्या हातचे एक अक्षर राहिले नव्हते. त्याच्या मित्राने या दुकानाचे नाव सांगितले. निळे, जाडजूड पुस्तक होते म्हणाला.

विश्वजीतने शोधून आम्हाला बाहेर काढले. आम्ही तिघे होतो, एकाच छापखान्याचे, एकाच रंगाचे.

"नाव कुठं असतंय?" त्यांनी विचारले.

"पहिल्या पानावर असायचं, मावशी. मी कापली ती पानं. सगळ्यांचीच."

सोजराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आम्हाला एकेक करून मांडीवर घेतले. पेन्सिलीचे ठिपके तिघांतही होते, आणि माझ्या कडांवरचा वाळलेला चिखल त्यांना दुकानातली धूळच वाटला. माझ्यातल्या एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि मग उचलले. मी हाच, हे सांगायला माझ्याजवळ चाळीस हजार शब्द होते. एकही उपयोगाचा नव्हता.

"तिन्ही घेऊन जा, मावशी," विश्वजीत म्हणाला.

"दुसऱ्याच्या पोराचं घिऊन काय करू, बाबा?"

त्यांनी पाटी उचलली. जाताजाता, कुणाला उद्देशून नव्हे अशा बोलल्या, "पार कडंपासून लिव्हायचा. मीच सांगायची, वही पुरली पायजे."

विश्वजीत मान खाली घालून उभा होता. त्याने ते ऐकले की नाही, मला माहीत नाही. त्याने ब्लेड टाकून दिले आहे. दोरीचे पेन पुन्हा टेबलाला बांधले आहे. आम्हा तिघांना मात्र त्याने न उघडता फळीवर परत ठेवले.

मित्रांनो, ब्लेड शिवणीपर्यंत पोचत नाही. कापलेल्या पानाची बोटभरही नसलेली एक पट्टी आत उरते. बाकी दोघांच्या पट्ट्या कोऱ्या आहेत. माझ्या पट्टीवर निळ्या शाईत 'स्व' आहे, कारण आईचे ऐकून त्याने कड सोडली नव्हती.

जुने पुस्तक हाती आले तर त्यावरचे नाव कापू नका. ते कुणासाठी राखलेले असेल, सांगता येत नाही. आणि कधी दौंडला उतरलात, तर खालून दुसऱ्या फळीवरचा चिखल लागलेला निळा शब्दकोश काढा. पुठ्ठा पूर्ण मागे टाका, शिवण मोडली तरी चालेल. आत बघा, आणि मला राहूला पोचवा.