सासरी धाडलेली आतडी

मी आतडी बोलतेय. पोटातली नाही, बशीतली. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. हसू नका. आणि गोड बोलण्याची आशा ठेवू नका. ज्या घरची मी लेक, त्या घरात ते कोणाला जमत नाही.

कारंज्याजवळच्या धनज गावातली वैष्णवी, तिची मी. जन्मापासून या पोरीचा मुका घेतला की ओठाला मीठ लागायचं. छातीत कफ दाटलेला, पोट कायम बिघडलेलं. तिची आई तुळसाबाई खेकसायची, "खाते बैलावानी, अन् जाते कुठी?" आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

एक दिवस हरीओम डॉक्टर भेटले. शहरातल्या संशोधन केंद्रातले, पण मूळचे आमच्याच बाजूच्या इंझोरीचे. म्हणाले, "काकू, पोरीच्या आतड्याचा चिमूटभर तुकडा द्या. त्यातल्या मूळ पेशींपासून आमी बशीत इवलीशी आतडी वाढवतो. औषध आधी तिले देऊन पाहातो. लागू पडलं तं ती फुगते. मंग तेच औषध वैष्णवीसाठी."

"अन् फुगली तं मले कोन सांगन?"

"मीच सांगतो ना, काकू."

तुकडा काढला, बर्फाच्या डब्यात ठेवला. तुळसाबाईनं त्या डब्याला हळदकुंकू लावलं. मूठभर गहू आणि खोबऱ्याची वाटी पुढं केली. "लेकीचं मास हाय, रिकाम्या ओटीनं कसं धाडू? आता तुमी सोयरे झाले. लेकीची खबर सासरच्यानं द्या लागते. बरी असो का वाईट."

हरीओमांनी रुमाल पसरून ती ओटी घेतली. दुसरा कोणी परमुलखाचा असता तर त्याला काय कळणार होतं? हा इंझोरीचा होता. आपण काय पदरात घेतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

केंद्रात मला जेलीच्या थेंबात पेरलं. संगीता नावाची बाई गुलाबी पाणी बदलायची, तेच माझं जेवण. एकीच्या कितीतरी झालो. शेजारी निरोगी माणसांच्या आतड्या होत्या, त्या पाणी ओढून टम्म व्हायच्या. माझ्या पेशींचं मीठ-पाण्याचं दारच बंद, तोच वैष्णवीचा आजार. मी आपली सुकलेली बसायचे.

मग एका सकाळी पहिलं औषध आलं. दार किलकिलं झालं, पाणी आत शिरलं आणि दुपारपर्यंत मी कपाशीच्या बोंडासारखी भरले. हरीओम खुर्चीवरून उठले. "संगीताबाई, फुगली! धनजची फुगली!"

त्यांनी लगेच फोन लावला. मला वाटलं, धनजला. फोन गेला औषधाच्या कंपनीला.

आखाजीच्या सणाला तुळसाबाई एसटीनं आली, डब्यात सांजोऱ्या घेऊन. आखाजीला लेक माहेरी येते. ही बशीतली लेक येऊ शकत नाही, म्हणून मायच आली. वैष्णवीनं तेव्हा अंथरूण धरलं होतं.

"फुगली का, डॉक्टर?"

"अजून काई समजत नाई, काकू. वेळ लागते."

मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडे मी टम्म. ओरडायला तोंड असतं तर केंद्राच्या काचा फोडल्या असत्या.

तुळसाबाई उठली. दारात थांबून म्हणाली, "नाई फुगली तं राहू द्या. तिच्यावर चिडू नका. लहान हाय."

ती गेल्यावर संगीता म्हणाली, "सर, खोटं काहून बोलले?"

"औषध इकडं मिळत नाही. कंपनी आत्ताच कोणाला देणार नाही. सांगून बाईले टांगून ठेवाचं कायले?"

"औषध मागाचं का नाही, ते तिनं ठरवलं असतं ना!"

डॉक्टरांनी डबा उघडला. त्यातली सांजोरी खाल्ली.

मला राग औषध न मिळाल्याचा नाही. ती बाई कंपनीच्या दारात ठाण मांडून बसली असती, पुढाऱ्याची गाडी अडवली असती. मिळालं असतं की नसतं, कोण जाणे. पण यांनी तिचं भांडणच चोरलं. दया म्हणून चोरलं, वर सोयरा म्हणून जेवले.

आता मला गोठवून टाकीत ठेवलंय. माझे वाण देशोदेशी धाडलेत, माझ्यावर शिकून लोक शहाणे होतात. होऊ द्या. पण धनजला एक निरोप गेला नाही.

तुमच्यापैकी कोणी कारंज्याहून त्या बाजूला गेलात, तर तुळसाबाईचं घर विचारा. चहा नंतर घ्या. आधी सांगा, बाई, तुझी लेक नांदली. पहिल्याच औषधाला फुगली. आता ऊठ आणि भांड.