तुम्हाला ओळखणारी दोन माणसं

दारात बोटं सापडली तेव्हा धाकटी ओरडली नाही. ओरडलं की दादा आणखी चिडतो, हे तिला माहीत होतं. त्याने दार अजून एकदा रेटलं, मग स्वतःच उघडलं आणि तिच्या हाताकडे बघत म्हणाला, "मधे कशाला घालतेस हात?"

उजव्या हाताची दोन बोटं तासाभरात सुजून काळीनिळी झाली. भांडणाचं कारण पाण्याची बाटली. ती रिकामी होती, एवढंच. दादाला मोठं कारण लागत नसे. कधी पंखा, कधी चप्पल, कधी नुसतं तिचं गप्प बसणं.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई शिवणाच्या कारखान्यात सकाळी आठला जायची, ती संध्याकाळी सहाला परतायची. दादाच्या कामाचा काही नेम नव्हता. पैलवानाचा निरोप आला की जायचा, नाहीतर घरी. पैलवान म्हणजे व्यायामशाळेचा मालक. हट्टाला पेटलेल्या भाडेकरूंना बाहेर काढून द्यायचा त्याचा धंदा होता, आणि दादा त्याच्या मागे पाइप घेऊन उभा राहणाऱ्यांपैकी एक. शाळा चालू असेपर्यंत धाकटीचं निभत होतं. आता सुट्टी लागली होती. दोन महिने, रोज दहा तास, दोन खोल्या आणि दादा.

म्हणून तिला ती नोकरी हवी होती. तरणतलावाच्या फाटकावर पाटी लागली होती: उन्हाळी शिबिरासाठी मदतनीस हवेत, वेळ नऊ ते पाच. लहान मुलांना उथळ पाण्यात पाय मारायला शिकवायचं. धाकटी सातव्या वर्षापासून पोहत होती. अडचण एकच, अर्ज इंग्रजीत होता. चार पानं.

ती तो घेऊन खालच्या मजल्यावर बाईंकडे गेली. बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण इमारतीतलं प्रत्येक पोर त्यांच्या टेबलाशी कधी ना कधी बसलेलं होतं.

"बोटांना काय झालं?"

"दारात सापडली."

"त्या दाराला म्हणावं, एकदा माझ्याकडे येऊन जा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा लावला. "बस. इंग्रजी बघून घाम फुटू द्यायचा नाही. जे तोंडाने सांगता येतं ते लिहिता येतं. पहिला प्रश्न, ही नोकरी का हवी?"

"घरात राहायचं नाही म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे खरं आहे. पण त्यांना त्यांच्या मुलांसाठी माणूस हवाय. तुला पाण्यात काय आवडतं ते सांग."

"पाण्यात कुणी मागून आलं तर आधी कळतं. पाणी हलतं."

"म्हणजे तुला तिथे भीती वाटत नाही."

"नाही."

"आणि लहान मुलांची भीती घालवता येईल?"

"येईल. मला भीती कळते ना."

त्या दोन वाक्यांचं साधं इंग्रजी बाईंनी कच्च्या कागदावर करून दिलं आणि धाकटीने ते डाव्या हाताने अर्जावर उतरवलं. अक्षरं कलंडली, रांग सोडून गेली, पण वाचता येत होती. तीन पानं झाली. चौथ्या पानावर एकच प्रश्न होता: तुम्हाला ओळखणारी, नात्यात नसलेली दोन माणसं. नाव, पत्ता, फोन.

"एक मी," बाई म्हणाल्या. "दुसरे तुमचे खेळाचे सर. पण आधी त्यांना विचार. न विचारता कुणाचं नाव टाकायचं नसतं. त्यांना फोन जाईल, तू कशी आहेस ते विचारतील."

धाकटीने एक जागा भरली आणि एक रिकामी ठेवली.

मारून झालं की दादा दोनेक दिवस मऊ असायचा. त्या संध्याकाळी तो मलम घेऊन आला. तिच्या बोटांना स्वतः लावलं, पट्टी बांधली आणि टेबलावरचा अर्ज उचलला.

"हे काय, कोंबडी चालवलीस का कागदावर?"

"उजव्याने जमत नाही."

तो ओशाळला. दादाचं अक्षर छापल्यासारखं होतं. एकेकाळी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. "आण, शेवटचं पान मी भरतो. इथे एक जागा राहिलीय."

"ती असू दे. उद्या सरांना विचारून—"

"सरांना कोण विचारतं? इथे वजनदार माणूस लागतो. तुला काही कळत नाही, तू झोप."

मऊ असलेल्या दादाला नाही म्हणणं सगळ्यात धोक्याचं. ती जाऊन आडवी झाली. सकाळी बघते तर पाकीट चिकटवून तो ते तरणतलावावर देऊनही आला होता. "काम झालं समज," त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनेही ती दचकली.

शनिवारी सकाळी तिला बोलावणं आलं. तरणतलाव चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. सगळे त्यांना कोच म्हणत. रुंद खांदे, आखूड केस, गळ्यात शिट्टी. कोचनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला: एखादं मूल पाण्याला घाबरून रडायला लागलं तर तू काय करशील?

धाकटीने शब्द शोधले. तुटक इंग्रजीत म्हणाली, मी पायरीवर बसेन, त्याच्या शेजारी, पाय पाण्यात सोडून, त्याचं रडणं थांबेपर्यंत.

"आणि थांबलंच नाही तर?" कोच आपल्या भाषेत आल्या.

"तर उद्या पुन्हा बसेन."

कोच हसल्या. मग त्यांनी अर्जाचं शेवटचं पान काढलं. "तुमच्या इमारतीतल्या बाईंनी तुझ्याबद्दल अर्धा तास सांगितलं. पण हा दुसरा माणूस कोण गं? मी फोन केला, मुलगी कशी आहे विचारलं, तर मलाच विचारतो, तुम्ही बसता कुठे?"

धाकटीने पान बघितलं. छापल्यासारख्या अक्षरात पैलवानाचं नाव होतं. तिचे कान गरम झाले.

"हे मी नाही लिहिलं. माझ्या भावाने लिहिलंय. कोच, हा माणूस चांगला नाही. तो इथे येईल."

"येऊ दे. फोनवर विचारलं तर त्यात चिडण्यासारखं काय आहे?"

धाकटीला ते सांगता येईना. दादाच्या जगात नाव टाकणं म्हणजे दाब टाकणं. नाव वाचलं की समोरच्याने मुकाट काम करायचं. उलट फोन करून चौकशी करणं म्हणजे त्या नावावर थुंकणं. कोचच्या जगात असं काही नव्हतं. तिने एवढंच म्हटलं, "फाटक बंद ठेवा."

"शनिवारी पालक येत-जात असतात, फाटक कसं बंद ठेवू? तू उतर पाण्यात. सहा मुलं आहेत. बारापर्यंत मला दाखव, मग सोमवारपासून यायचं की नाही ते सांगते."

सहाही मुलं पाच-सहा वर्षांची. त्यातली एक फुगेवाली, तिच्या दोन्ही दंडांना पोहायचे पिवळे फुगे, आणि ती धाकटीच्या गळ्याला घट्ट बिलगलेली. पावणेअकराला मुलं कठड्याच्या दांड्याला धरून पाय मारत होती, तेव्हा फाटकाशी मोटरसायकली थांबल्या.

पैलवान पुढे, मागे चौघं. त्यात दादा होता, तिच्याकडे बघून हसत. बहिणीचं काम करून द्यायला आलेला भाऊ. त्याच्या हातात पाइप होता, पण तो नेहमीच असायचा.

काउंटरवरचा कारकून उठला. "कोण पाहिजे?"

"मॅडमला बोलव. सही करून घ्यायचीय पोरीच्या कागदावर."

कोच बाहेर आल्या. "बाराला या. आत्ता मुलं पाण्यात आहेत. आणि बूट काढा, बूट घालून निळ्या पट्टीच्या आत कुणी येत नाही."

फरशीवर रंगवलेली ती पट्टी प्रत्येक पालकाला माहीत होती. आतल्या फरशीवर उघडी, ओली पावलं फिरतात म्हणून बाहेरची घाण तिथे नको. कोच महापौरांनाही हेच म्हणाल्या असत्या.

पैलवानाने चौघांकडे वळून बघितलं. त्यातला एक जण खाली मान घालून हसला. तेवढं पुरलं.

"तुझ्या बहिणीसाठी आलो," तो दादाला सावकाश म्हणाला, "आणि ही मला बूट काढायला लावते."

दादाचा चेहरा पांढरा पडला. धाकटीने तो चेहरा दोन खोल्यांत शंभर वेळा पाहिला होता. त्यानंतर काय होतं ते तिला पाठ होतं.

पाइप काउंटरच्या काचेवर बसला. काच एकदम खाली आली. कारकून हात वर करून मागे सरकला, तर पैलवानाने त्याची मान धरून त्याचं तोंड टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. त्याचा चष्मा तुटून गालात घुसला. कोच निळ्या पट्टीवर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"आत मुलं आहेत! आत नाही यायचं!"

दादाने पाइप फिरवला. कोचनी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आला.

"सगळ्यांनी भिंतीकडे बघा!" धाकटी ओरडली. "दांडा घट्ट धरा आणि पाय मारा! ज्याचं पाणी सगळ्यात उंच उडेल तो जिंकला! जोरात!"

मुलांनी पाय मारले. अकरा पाय, कारण फुगेवालीचा एक पाय धाकटीच्या कमरेला अडकला होता. पाण्याचा एवढा गलका झाला की मागचा आवाज त्यात बुडाला. कोणी मागे वळून बघू लागलं की ती त्याच्या डोक्यावर तळवा ठेवून तोंड भिंतीकडे फिरवायची. "छान. अजून उंच. थांबायचं नाही."

तिच्या मागे पाणी हललं.

दादा बुटांसकट उथळ पाण्यात उतरला होता. त्याने तिचे केस धरले. "चल घरी. नाही करायची इथे नोकरी."

"मुलं पाण्यात आहेत दादा."

"चल म्हटलं ना!"

त्याने ओढलं. तिची मान मागे गेली, फुगेवाली किंचाळली. धाकटीने डावा हात दांड्यात कोपरापर्यंत घातला आणि सुजलेल्या उजव्या हाताने मुलीला छातीशी धरलं. तिने सोडलं असतं तर ती सहा मुलं तिथे एकटी राहिली असती, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. दादाची मूठ तिच्या कानावर बसली, मग तोंडावर. ओठ फाटला, पाण्यात लाल रेषा पसरली. त्याने तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तिने मान वळवून त्याचं मनगट दातांत धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. दात हाडाला लागेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

तो ओरडून मागे पडला, उठला, तिच्याकडे अशा नजरेने बघत राहिला जसा काही टेबलानेच त्याचा चावा घेतला होता. तेवढ्यात फाटकाशी पालक जमले, आरडाओरडा झाला, मोटरसायकली सुरू झाल्या. दादा ओल्या बुटांनी धावत सुटला.

धाकटीने मुलं एकेक करून मोजली. सहा. मग एकेकाला पायरीवरून वर काढलं.

पोलीस आले, रुग्णवाहिका आली. कोचचा हात फळीला बांधला होता, चेहरा राखेसारखा झाला होता, तरी त्या स्ट्रेचरवरून म्हणाल्या, "घटनेचा फॉर्म भरायचा असतो. ड्युटीवरच्या माणसाने. माझ्या टेबलाच्या खणात आहे."

"मी ड्युटीवर नाही कोच. माझी परीक्षा चाललीय."

"पाण्यात कोण होतं? मी होते? भर."

तो फॉर्मही इंग्रजीत होता, एकच पान. ती कोचच्या टेबलाशी बसली, ओठावर बर्फाचा रुमाल धरून. तारीख, वेळ, जागा. काय घडलं. मारहाण करणाऱ्याचं नाव, माहीत असल्यास. तिथे तिचं पेन थांबलं.

शेजारी उभा असलेला पोलीस वाकून हळूच म्हणाला, "पोरी, अनोळखी इसम लिही. रात्री त्याच घरी जायचंय ना तुला?"

त्याने हे दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. तोही अशी घरं बघूनच शहाणा झाला होता. धाकटीने त्याच्याकडे बघितलं, मग बाहेर सुन्न बसलेल्या कारकुनाकडे. त्याच्या गालातून परिचारिका काच काढत होती. तिने त्या चौकटीत दादाचं पूर्ण नाव लिहिलं, मधलं वडिलांचं नाव, आडनाव, घरचा पत्ता. पुढची चौकट नात्याची. भाऊ. खाली पैलवानाचं नाव. त्याच्याखाली जखमींची नावं: कोच, कारकून. डाव्या हाताने अर्धा तास लागला.

आई कारखान्यातून तशीच धावत आली होती, ब्लाउजला दोरे चिकटलेले. कुणीतरी तिला सगळं सांगितलं असावं, कारण तिने काहीच विचारलं नाही. ती धाकटीच्या शेजारी बसली आणि तिचा ओठ बघत राहिली. वर्षानुवर्षं ती असंच बघायची आणि मग भांड्यांकडे वळायची. इथे भांडी नव्हती.

"काय लिहिलंस?"

"जे झालं ते."

"मला वाचता येत नाही. सांग."

धाकटीने एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. दादाचं नाव आलं तेव्हा आईने डोळे मिटले, पण थांबवलं नाही. कारकून दारात येऊन उभा राहिला, गालावर कापूस. "कोचचा फोन होता. सोमवारी पालक मुलं पाठवतील की नाही काय माहीत. पण तू नऊला ये, असं म्हणाल्या."

धाकटीने मान हलवली. आईचं लक्ष कागदावरच होतं.

"मार कुणाकुणाला लागला, ते पुन्हा वाच."

"कोच. कारकून काका."

"बस?"

"बस."

आईने तिचा पट्टी बांधलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. दोन बोटं अजून वाकत नव्हती. ती बराच वेळ त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"तुझं नाव कुठेय यात?" ती म्हणाली. "आणि हे दाराचंही लिही. त्या सकाळी मी घरातच होते, कामाला निघायच्या बेतात."

पोलिसाने वही उघडली. धाकटीने पेन उचललं.